नाणेघाटातला लेख नाणेघाटातच वाचता यावा

महोदय,

गेल्या डिसेंबरात माझी नववीत शिकणारी नात आणि मी, अशा दोघी कल्याणहून निघून नाणेघाटाने जुन्नरच्या पठारावर चढून गेलो आणि दुसऱ्या दिवशी या घाटाचा पहारेकरी असलेला जीवधन किल्ला पाहिला. प्रवासवर्णन लिहिणे हा या पत्राचा हेतू नाही. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्यासाठी रंगनाथ पठारे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जो अहवाल तयार केला, त्यात आपल्या भाषेच्या प्राचीनतेचा एक पुरावा म्हणून नाणेघाटातील ब्राह्मी शिलालेख पुढे ठेवला होता. ज्या दगडाच्या साक्षीने आपण हा मान मिळवला, त्या दगडापुढे उभ्या राहिलेल्या साध्या मराठी माणसाला तेथे काय लिहिले आहे ते त्याच्या लिपीत, त्याच्या भाषेत आणि त्याच जागी कळावे, एवढीच माझी मागणी आहे. ती का करावीशी वाटली हे सांगायला मात्र थोडी जागा लागेल.

नाणेघाट वरून, म्हणजे मोटारीने जुन्नरमार्गे घाटघरला येऊन पाहणारे पुष्कळ आहेत, आणि वयामुळे किंवा प्रकृतीमुळे ज्यांना चढण झेपत नाही त्यांनी तसेच करावे. पण हा घाट समजून घ्यायचा असेल तर तो कोकणातून चढला पाहिजे. कल्याणहून मुरबाड, टोकावडे करीत माळशेजकडे जाणाऱ्या एस.टी.ने वैशाखऱ्याच्या थोडे पुढे उतरावे, समोर आकाशात घुसलेला नानाचा अंगठा पाहावा आणि रानातल्या वाटेला लागावे. पहिला तासभर सावली असते. मग झाडी विरळ होते, चढ उभा होतो आणि पायाखाली बसवलेले दगड लागू लागतात. काही ठिकाणी निसटलेले, काही ठिकाणी शेकडो वर्षांच्या पायांनी आणि खुरांनी गुळगुळीत झालेले. वाटेच्या कडेला कातळात खोदलेली पाण्याची टाकी दिसतात. माथ्याजवळ तर वाट दोन कड्यांच्या मधल्या अरुंद नाळेतून जाते, आणि त्या नाळेत शिरताना मागे वळून पाहिले की आपण जिथून आलो ते सारे कोकण पायाशी पसरलेले असते.

मी सारा जन्म कल्याणात काढला. शाळेत मराठी शिकवताना कल्याण हे प्राचीन बंदर होते असे मी अनेकदा सांगितले, पण ते सांगणे पुस्तकी होते हे त्या चढणीवर माझ्या लक्षात आले. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलेल्या टिपणात कल्याण, सोपारा, पैठण आणि तेर या चारही ठिकाणांची नावे येतात, आणि एक काळ असा आला होता की कल्याणला लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्याखाली भरुचला नेली जात, असेही त्यात नोंदवले आहे. बंदरांसाठी एवढी चढाओढ होत होती, याचे कारण बंदरात उतरलेला माल सह्याद्री ओलांडून जुन्नर, पैठण आणि तेरकडे नेणारी वाट हाताशी होती, आणि त्या वाटांमधली सर्वांत मोलाची वाट हीच. जुन्नरजवळच्या लेण्याद्रीवर गिरिजात्मजाच्या दर्शनाला जाणाऱ्या भाविकांनी शेजारचे चैत्यगृह पाहिले असेल. त्यावरील लेखात ते कल्याणच्या हेरणिकाचा, म्हणजे सोनाराचा, मुलगा सुलसदत्त याने दान दिल्याचे म्हटले आहे. माझ्या गावचा हा माणूस जुन्नरला याच वाटेने गेला असणार. नाणेघाटातल्या एका टाक्यावरही सोपाऱ्याच्या गोविंददासाने ही ‘पोढी’ दान दिली असा छोटा लेख आहे; पोढी हा त्या काळी पाण्याच्या टाक्यासाठी वापरला जाणारा शब्द. आपल्या मागून येणाऱ्या अनोळखी वाटसरूला तहान लागेल याचा विचार करून कुणीतरी कातळ फोडला आणि आपले नाव दोन शब्दांत कोरून ठेवले. त्या टाक्याकाठी बसून आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही.

घाटाच्या नावाबद्दल बरेच सांगितले जाते. नाणी देऊन घाट ओलांडायचा म्हणून नाणेघाट, असे काही म्हणतात. माथ्यावर असलेला दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता ही समजूत त्याच्याशी जुळते. नाना आणि गुणा या दोघा भावांत वाट खोदण्याची चढाओढ लागली आणि नाना जिंकला, ही लोककथाही घाटघर परिसरात सांगतात. यांतले कोणतेही एक खरे मानून बाकीचे टाकून द्यावे असे मला वाटत नाही. रांजणात मात्र त्या दिवशी खाद्यपदार्थांच्या रिकाम्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या होत्या. आम्ही त्या काढून बरोबर नेल्या.

आता लेण्याविषयी. नाळेजवळचे मोठे लेणे कोकणाकडे, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून आहे. त्याच्या मागच्या भिंतीवर एकेकाळी आठ प्रतिमा होत्या. आज त्यांतली एकही शिल्लक नाही, पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. पण प्रतिमांच्या डोक्यावर कोरलेली काही नावे वाचता येतात. सातवाहन घराण्याचा संस्थापक सिमुक, त्यानंतर देवी नायनिका आणि राजा सिरि सातकनि, मग राजकुमार आणि त्यांच्यामध्ये एक ‘महारठि’, म्हणजे त्या काळचा मोठा सरदार. हे राजघराण्याचे प्रतिमागृह होते. व्यापाऱ्यांचे तांडे जिथे दम खायला थांबत, राज्यात शिरण्याचे जिथे दार होते, तिथे राजघराण्याने आपली ओळख करून दिलेली आहे. डाव्या आणि उजव्या भिंतीवर मिळून वीस ओळींचा मोठा लेख आहे. बहुतेक अभ्यासक तो इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानतात, काही त्याहूनही मागे नेतात. भाषा प्राकृत आणि लिपी ब्राह्मी. राणी नागनिका, म्हणजे वरच्या नावांतली देवी नायनिका, हिच्या काळात, तिचा पती पहिला सातकर्णी मरण पावल्यानंतर तो कोरला गेला असे मानले जाते.

माझ्याजवळ या लेखाचा देवनागरी पाठ होता. वा. वि. मिराशींसारख्या विद्वानाने सातवाहनांच्या लेखांचे पाठ आणि अर्थ मराठीत दिलेले असल्यामुळे तो मिळवण्यात अडचण नव्हती. मी तो एका मोठ्या कागदावर ठळक अक्षरांत उतरून घेतला होता. दुपारी साडेतीनच्या सुमारास उन्हे तिरपी झाली. हिवाळ्यातला सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असल्याने त्याचा प्रकाश डाव्या भिंतीला घासून जातो, आणि सकाळी केवळ खडबडीत दगड वाटणाऱ्या पृष्ठभागावर अक्षरे एकेक करून वर येऊ लागतात. नातीने कागद धरला आणि वाचायला सुरुवात केली. आरंभी धर्माला नमन आहे, इंद्राला आहे, संकर्षण आणि वासुदेव यांना आहे, चंद्रसूर्यांना आहे आणि यम, वरुण, कुबेर, वासव या चार लोकपालांना आहे. संकर्षण-वासुदेवांचा हा उल्लेख देशातल्या अतिशय जुन्या उल्लेखांपैकी एक आहे, हे मी तिला सांगितले. ती ऐकत होती, पण तिचे लक्ष पुढच्या ओळीवर गेले होते आणि तिथे ती थांबली. ती ओळ अशी: ‘अगाधेययंञो दखिना दिना गावो बारस १२ असो च १’.

“आजी, हे तर कळतंय,” ती म्हणाली. दक्षिणा दिली, गायी बारा. ‘असो’ म्हणजे अश्व, घोडा, एवढे मला सांगावे लागले. मग तिने विचारले, “बारस म्हणजे वसुबारसेतली बारस का?” होय, तीच बारस. दिवाळीच्या पहिल्या दिवशी आपल्या घरांतून जो शब्द आजही उच्चारला जातो, गायीच्याच पूजेच्या दिवशी उच्चारला जातो, तो गायींच्याच दानाची संख्या सांगण्यासाठी दोन हजार वर्षांपूर्वी या भिंतीवर कोरलेला आहे. अहिराणी बोलणाऱ्या माणसाला त्यातले ‘दिना’ हे क्रियापदही परके वाटणार नाही. हा लेख मराठीत आहे असे मी म्हणत नाही. तो प्राकृतात आहे, आणि प्राकृतापासून आजच्या मराठीपर्यंतचा प्रवास लांब आहे. पण ज्या मुलीने प्राकृताचे नावही नीट ऐकलेले नव्हते, तिला दुभाष्यावाचून त्यातले चार शब्द ओळखता आले, आणि त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर जे उमटले ते पस्तीस वर्षांच्या अध्यापनात मी वर्गात फार थोड्या वेळा पाहिले आहे. भाषेच्या अभिजातपणावरची कितीही भाषणे ऐकवली असती तरी तिला जे समजले नसते, ते त्या एका ओळीने समजावले.

‘बारस’ या शब्दापुढे १२ हा आकडाही कोरलेला आहे, ही गोष्ट सहज वाचून पुढे जाण्यासारखी नाही. दानाची संख्या अक्षरांत आणि आकड्यांत, दोन्ही प्रकारे लिहावी, जशी आज आपण धनादेशावर लिहितो, ही काळजी त्या लेखात घेतली आहे. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकांच्या नमुन्यांत नाणेघाटाच्या अंकांची गणना होते. दोनासाठी एकाखाली एक अशा दोन आडव्या रेघा आहेत. शून्य नाही, दहा, वीस, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे आहेत आणि चार हजार लिहायचे असतील तर हजाराच्या चिन्हाला चाराचे चिन्ह जोडलेले आहे. शाळेत स्थानिक किंमत शिकवताना मुलांना ती इतकी स्वाभाविक वाटते की तिच्याशिवायही कधी मोठमोठे हिशेब लिहिले जात होते याची कल्पना येत नाही. गणिताच्या कोणत्याही शिक्षकाने आपला वर्ग घेऊन इथे यावे आणि त्या दोन रेघा दाखवाव्यात.

आणि हे हिशेब साधे नाहीत. दोन अश्वमेध, एक राजसूय आणि इतर कितीतरी यज्ञ, त्यांत दिलेल्या हजारो गायी, हत्ती, घोडे, कार्षापण नावाची नाणी, वस्त्रे. एका ठिकाणी १७०० गायी आणि १० हत्ती यांची नोंद आहे. सातकर्णीला ‘दखिनापठपति’, दक्षिणापथाचा स्वामी, म्हटले आहे. मला स्वतःला सर्वांत जवळचा वाटला तो मात्र राणीविषयीचा भाग. ती महारठीची कन्या, राजाची पत्नी, राजपुत्राची माता. पण एवढ्यावर लेख थांबत नाही. महिनाभराचे उपवास करणारी, घरात राहून तपस्विनीसारखी राहिलेली, ब्रह्मचर्य पाळलेली, व्रते आणि यज्ञ यांत निपुण असलेली, असे तिचे वर्णन आहे. पतीच्या मागे राज्याचा भार आणि लहान मुले सांभाळणाऱ्या स्त्रीचे हे वर्णन राजधानीच्या एखाद्या मंदिरात नव्हे, तर भर हमरस्त्यावर, जकातीच्या नाक्याशी कोरलेले आहे. आपल्या इतिहासातल्या कर्तृत्ववान स्त्रियांची नावे आपण शाळेतल्या मुलींना सांगतो, तेव्हा त्यांत नागनिकेचे नाव किती वेळा येते, याचा विचार मराठी शिक्षकांनी जरूर करावा. मी स्वतः नोकरीच्या बहुतेक वर्षांत ते घेतले नव्हते, याची मला खंत आहे.

आम्ही वाचत असताना तरुण मुलामुलींचा एक गट तिथे आला. ते पुण्याचे होते आणि पावसाळ्यात उलटा धबधबा पाहायला आधी दोनदा येऊन गेले होते. कड्यावरून खाली पडणारे पाणी वाऱ्याच्या जोराने वर फेकले जाते ते दृश्य विलक्षण असते आणि त्यासाठी लोक येतात यात काही गैर नाही. पण दोनदा येऊनही या लेण्यात लिहिलेले काही आहे याकडे त्यांचे लक्ष गेले नव्हते. त्यांच्यातल्या एका मुलीने अतिशय आदराने विचारले, “आजी, तुम्ही काय वाचताय?” आम्ही पुन्हा पहिल्यापासून वाचले. सारा गट अर्धा तास बसून राहिला; कुणी मोबाईलवर कागदाचे छायाचित्र घेतले, कुणी भिंतीवरचे अक्षर आणि कागदावरचे अक्षर जुळवून पाहू लागले. जाताना त्यांच्यापैकी एकाने जे म्हटले ते या पत्राचे खरे कारण आहे. तो म्हणाला, “हा कागद इथेच असायला हवा होता.”

दोन शतकांपूर्वी, १८२८ साली, विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने या लेखाची नोंद घेतली. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्याचे काळजीपूर्वक ठसे आणि वाचन केले, आणि १८८३ साली जर्मन विद्वान ब्यूलर यांचे वाचन प्रसिद्ध झाले. म्हणजे लेख वाचून झाल्याला निदान एकशेचाळीस वर्षे झाली आहेत. तो न वाचलेला आहे म्हणून लोकांना कळत नाही असे नाही. तो ग्रंथालयात वाचायला मिळतो आणि जिथे कोरला आहे तिथे मिळत नाही, एवढेच. एका पिढीचे गिर्यारोहक तर या लेण्यात मुक्काम करीत. जुन्या भटकंतीच्या माहितीपत्रकांत ‘राहण्याची सोय: घाटातील गुहा, चाळीस-पन्नास माणसांना पुरेशी’ असे लिहिलेले असे, आणि त्या काळात या भिंतींसमोर चुली पेटल्या आहेत. त्या मुलांचाही दोष म्हणता येणार नाही, कारण त्या भिंतीवर काय आहे हे त्यांना तिथे कुणी सांगितले नव्हते. ज्या अक्षरांचा अर्थ कळतो त्यांना माणूस धूर लागू देत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही जीवधनवर गेलो. रात्री घाटघरला एका घरी उतरलो होतो, आणि त्याच गावातला एक महादेव कोळी तरुण वाटाड्या म्हणून आमच्याबरोबर आला. घाट आणि किल्ला या दोन वेगळ्या सहली आहेत असे समजून लोक येतात. त्याने मात्र सुरुवातीलाच सांगितले की वर गेल्याशिवाय खाली काय पाहिले ते कळणार नाही, आणि ते अक्षरशः खरे ठरले. वाटेत कातळात खोदलेल्या पायऱ्या लागतात आणि मग मध्येच तुटतात. १८१८ साली इंग्रजांनी किल्ला घेतल्यावर त्या सुरुंगाने उडवल्या असे सांगितले जाते. त्या तुटलेल्या टप्प्यावर दोर लावून, “आजी, डावा पाय या खाचेत, घाई नको,” असे सांगत त्याने मला वर घेतले. माझ्या वयाच्या माणसाने त्याच्यासारख्या जाणत्या सोबतीशिवाय तो टप्पा चढू नये, आणि खरे तर पावसाळ्यात तरुणांनीही चढू नये.

गडावर दगडी बांधणीची एकात एक अशी पाच दालनांची कोठारे आहेत. तिथले लोक त्याला कोठी म्हणतात. गजलक्ष्मीचे शिल्प आहे, आत कमळे कोरलेली आहेत. १८१८ च्या लढाईत या कोठारांना आग लागली आणि त्याची राख अजून आत सापडते असे म्हणतात. जीवाई देवीचे पडझड झालेले मंदिर आहे, पाण्याची टाकी आहेत. गडाच्या कड्यापासून सुटा उभा असलेला, सुमारे साडेतीनशे फूट उंचीचा वानरलिंगी नावाचा सुळका पाहिल्यावर नातीने माझा हात घट्ट धरला. निजामशाहीच्या अखेरीस मूर्तजा नावाचा राजवंशातला बालक याच गडावर कैदेत होता. शहाजीराजांनी त्याला सोडवले आणि १६३३ साली पेमगिरीला गादीवर बसवून तीन वर्षे त्याच्या नावाने मोगल आणि आदिलशाही यांच्याशी झुंज दिली. स्वराज्याच्या आधीचा तो स्वराज्याचाच प्रयत्न होता असे माझे मत आहे, आणि त्याची सुरुवात या एकाकी गडावरून झाली.

पण मला सर्वांत जास्त शिकवले ते गडाच्या कोकणाकडच्या कड्याने. तिथे उभे राहिले की नाणेघाटाचा माथा, नानाचा अंगठा आणि कोकणातून येणारी चढण यांवर नजर राहते. खालून चढणारा तांडा माथ्यावर पोहोचण्याच्या कितीतरी आधी गडावरच्या पहारेकऱ्याच्या दृष्टीला पडत असणार. पश्चिमेकडच्या दरवाजाला कल्याण दरवाजा म्हणतात आणि दुसऱ्याला जुन्नर दरवाजा, ही नावेच किल्ल्याचे काम सांगतात: एका हाताने बंदर धरायचे आणि दुसऱ्या हाताने बाजारपेठ. जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी हे चार किल्ले मिळून या एका वाटेची राखण करीत. घाटाशिवाय हे किल्ले का बांधले ते कळत नाही, आणि किल्ल्यांशिवाय घाटावर जकात कशी वसूल होत होती ते कळत नाही.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्या बारांत शिवनेरी आहे आणि त्याचा आनंद प्रत्येक मराठी माणसाला झाला. यापुढे शिवनेरीवर देशापरदेशांतून माणसे येतील. शिवजन्मस्थानाचे दर्शन घेऊन ती त्याच दिवशी परत फिरणार असतील, तर त्यांना जुन्नरचा अर्धाच इतिहास दिसेल. राज्य शासनाने २०१८ साली जुन्नर तालुका विशेष पर्यटन क्षेत्र म्हणून जाहीर केला आहे; त्यामुळे शिवनेरीच्या पायथ्याशी नाणेघाट आणि त्याचे चार राखणदार यांचा एकत्र नकाशा लावणे आणि तिथून नाणेघाटापर्यंत माणसांना नेणारी सोय करणे हे त्या घोषणेला धरूनच होईल.

नाणेघाटाचे लेणे आणि लेख हे केंद्र संरक्षित स्मारक आहे, आणि १९५८ च्या कायद्यानुसार स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे, हे मला ठाऊक आहे. ती मनाई असलीच पाहिजे. मी बांधकाम मागत नाही. वीस ओळींचा देवनागरी पाठ, प्रत्येक ओळीखाली तिचा मराठी अर्थ, जिथे अक्षरे नष्ट झाली आहेत तिथे तसे प्रामाणिकपणे दाखवलेले, आणि कडेला अंकांचा एक तक्ता, असा एक फलक लेण्याच्या मूळ दगडाला न लागता, बसून वाचता येईल एवढ्या उंचीवर हवा. मूळ अक्षरांवर खडू किंवा चुना फासून ती उठावदार करण्याचा मोह जिथे तिथे होतो. तो इथे कुणालाही होऊ नये म्हणून ठशांवरून केलेली एक प्रतिकृती घाटघरला किंवा जुन्नरला ठेवावी, जिच्यावर मुलांना बोट फिरवून अक्षरे गिरवता येतील. दगड झिजत चालला आहे. आज जे वाचता येते ते आणखी पन्नास वर्षांनी वाचता येईलच याची खात्री नसल्याने ही प्रतिकृती लवकर व्हावी.

दुसरी विनंती घाटघरच्या तरुणांबद्दल. भातशेती आणि हिरडा यांवर जगणारे हे गाव आहे. पाऊस धो धो पडतो आणि उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण होते. पावसाळ्यातल्या गर्दीने गावात कचरा येतो. त्या गर्दीतून गावाला सन्मानाचे काम मिळाले पाहिजे. आमच्या वाटाड्याला गडाचा कोपरा न् कोपरा माहीत होता, आणि मी दिलेला लेखाचा कागद त्याने दोन वेळा वाचून जवळजवळ पाठ केला. अशा दहा-बारा मुलांना ब्राह्मीची ओळख आणि दोरावरच्या सुरक्षिततेचे शिक्षण दिले, त्यांना ओळखपत्रे दिली आणि जीवधनच्या तुटलेल्या टप्प्यावर त्यांच्या सोबतीशिवाय कुणाला जाऊ दिले नाही, तर तिथे सिमेंटच्या पायऱ्या आणि लोखंडी जिने बसवण्याची कल्पना कुणाला सुचणारही नाही. तुटलेल्या पायऱ्या हाही इतिहासाचा भाग आहे. त्या तशाच राहाव्यात.

दरवर्षी ३ ऑक्टोबरच्या सुमारास अभिजात मराठीच्या निमित्ताने शहरांत कार्यक्रम होतात. त्या दिवसांत पाऊस ओसरलेला असतो, घाटमाथ्यावर गवत आणि फुले असतात. त्यांतला एक कार्यक्रम नाणेघाटात व्हावा. व्यासपीठ नको, ध्वनिवर्धक नको. तालुक्यातल्या शाळांतली थोडी मुले लेण्यासमोर बसावीत आणि ‘दखिना दिना गावो बारस’ ही ओळ त्यांनी मोठ्याने वाचावी.

घरी परतल्यावर मी लेखाचा पाठ आणि अर्थ पुन्हा स्वच्छ अक्षरांत लिहून काढला, जाणकाराकडून तपासून घेतला, त्याच्या वीस प्रती करून त्यांना प्लास्टिकचे आवरण घातले आणि घाटघरच्या त्या तरुणाकडे पाठवल्या. येणाऱ्यांना तो त्या वाचायला देतो आणि परत घेतो. परवा त्याचा फोन आला होता. सात प्रती लोक बरोबर घेऊन गेले, आणखी हव्या आहेत असे म्हणाला. त्या मी या आठवड्यात पाठवीत आहे. फलक होईपर्यंत पाठवीत राहीन.

आपली वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, कल्याण